गाडीची उंची बाहेरूनही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर एसयूव्ही घ्यावी की सेडान, अशी तुलना छापून आली. लांबी, रुंदी, इंजिनाची ताकद, पुढच्या पडद्याचा आकार, डिकीतले लिटर असं सगळं चौकटीत नीट मांडलं होतं. उंच बसल्यामुळे एसयूव्ही जास्त सुरक्षित, हे मात्र एका ओळीत गृहीत धरून लेख पुढे गेला. मी मोटार चालवायला शिकवते. नवी गाडी घेतलेली माणसं माझ्याकडे येतात आणि घेण्याआधी विचारायला येणारीही बरीच असतात. त्यांच्या तोंडीही हीच ओळ असते. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबेल याबद्दल आधीच क्षमा मागते.

शिकणाऱ्याला मी आधी गाडी सुरूच करू देत नाही. त्याला चालकाच्या जागी बसवते, सीट त्याच्या सोयीची करायला लावते आणि रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला शंकू बॉनेटला अगदी चिकटवून उभा करते. मग शंकू हळूहळू पुढे सरकवत न्यायचा आणि त्याला टोक दिसलं की थांबायचं. माझा शंकू पाऊण मीटर उंच आहे. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं, वर्षाचं मूल साधारण तेवढंच असतं.

आकडे घालून पाहा. चालकाचे डोळे जमिनीपासून १.४५ मीटरवर, बॉनेटची पुढची कड १.०५ मीटरवर आणि दोन्हींमध्ये आडवं अंतर २ मीटर धरा. मोठ्या एसयूव्हीसाठी हे आकडे मुळीच जगावेगळे नाहीत. नजरेची रेघ दोन मीटरांत ४० सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे मीटरमागे २०. बॉनेटच्या कडेपासून पाऊण मीटर उंचीवर यायला तिला आणखी ३० सेंटिमीटर उतरावं लागतं आणि त्यासाठी दीड मीटर जातो. गाडीच्या नाकापुढच्या त्या दीड मीटरच्या पट्ट्यात मूल उभं असेल, तर चालकाला त्याचा केसही दिसत नाही. खेळत खाली बसलेलं मूल अर्धा मीटरही उंच नसतं. त्याच्यासाठी हा पट्टा तीन मीटरच्या घरात जातो. पुढे उतरत्या बॉनेटच्या सेडानमध्ये ती कड मुळातच पाऊण मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली असते, त्यामुळे शंकू बंपरला टेकलेला असतानाही बहुतेकांना त्याचं टोक दिसतं. पुढचा कॅमेरा असेल तर तो जरूर वापरावा. पण घाईत चावी फिरवून निघालेला माणूस पडद्याकडे बघेलच, याची खात्री मी कुणाच्याही वतीने देणार नाही.

उंच बसल्यावर लांबचं दिसतं हे खरं. पुढच्या तीन-चार गाड्यांच्या पलीकडचे ब्रेकचे दिवे आधी दिसतात, याचा उपयोगही होतो. परंतु हा फायदा पुढची गाडी बुटकी असेपर्यंतच टिकतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये जगभर विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. निम्मा रस्ता उंच झाला की उंच बसणाऱ्याला पुन्हा समोरच्या गाडीची पाठच दिसते आणि बुटक्या गाडीतल्या माणसाला तर काहीच दिसत नाही.

आता गाडीबाहेरच्या माणसाकडे येते. त्या लेखात तो कुठेच नव्हता. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची उंची १०२ सेंटिमीटरहून जास्त असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ७६ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण समजायला अवघड नाही. बुटकी गाडी माणसाच्या पायांना धडकते आणि तो बॉनेटवर आडवा पडतो. पाय मोडतो, कधी काचेवर डोकंही आपटतं. हे काही कमी भयंकर नाही. पण उंच, उभ्या नाकाची गाडी थेट कंबरेला किंवा छातीला धडकते आणि माणसाला पुढे, रस्त्यावर फेकते. समोर मूल असेल तर छातीच्या जागी त्याचं डोकं असतं. गाडी घेणारा आपल्या घरच्यांच्या जिवाचा विचार करतो, तो त्याने करावाच. त्याच घरची मुलं गाडीतून उतरली की पादचारी होतात, एवढंच मला त्याच्यासमोर ठेवायचं आहे.

आतल्या माणसांच्या सुरक्षिततेचं काय? एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. हलकी आणि जड गाडी समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्या माणसांना धक्का कमी बसतो. तो वाचलेला धक्का समोरच्याच्या वाट्याला जातो. मात्र भिंतीवर, झाडावर किंवा खांबावर आदळताना वजन मदतीला येत नाही. तिथे गाडीच्या पुढच्या भागाची रचना, सीट बेल्ट आणि एअरबॅग हेच कामाचे. त्या बाबतीत चांगली सेडान आणि चांगली एसयूव्ही यांत नावाने फरक करता येत नाही. क्रॅश टेस्टचा निकाल त्या त्या मॉडेलचा बघावा लागतो.

उलटण्याबद्दल बोलायचं तर त्याचं गणित सोपं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा हाच भागाकार वापरते. सेडानचं उत्तर साधारण १.३ ते १.५ येतं, एसयूव्हीचं बहुधा १ ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर कलंडते. सपाट, कोरड्या रस्त्यावर टायर सहसा आधी घसरतात. धोका असतो तो घसरताना चाक कडेच्या दगडाला किंवा मऊ मातीत अडकलं तर. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास ही उंच बांध्याची छोटी गाडी अचानक वळवताना उलटली होती. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सरसकट बसवली. पुढे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघाने २०१४ पासून ती सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीची केली. या यंत्रणेने उलटण्याचे अपघात खरोखर खूप कमी केले आहेत. तेव्हा जुन्या भीतीपोटी आजची एसयूव्ही कुणी नाकारू नये. विजेवरच्या गाडीत तर बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य आणखी खाली येतो. तरीही ती यंत्रणा आहे की नाही, हे गाडी घेताना तोंडाने विचारून, कागदावर बघून घ्यावं.

चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी सुरक्षित, असंही मला पुष्कळदा ऐकवलं जातं. ती ताकद चिखलातून, वाळूतून, बर्फातून निघायला उपयोगी पडते. थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, आणि ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर ठरतं ते टायरच्या नक्षीवर. शिवाय एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांनाच जाते. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही.

एवढं वाचून मी एसयूव्हीच्या विरोधात आहे, असं कृपया समजू नका. कुणाला ती घ्यावी लागते, हे मी रोज बघते. रोजचा रस्ताच कच्चा असेल, पाण्यातून जावं लागत असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर सेडान घेऊन जिवाला त्रास करून घेऊ नये. लहान मुलाची बेबी सीट वाकून वाकून लावणाऱ्या आईच्या पाठीलाही उंच गाडीच बरी पडते.

आणि गुडघे. माझ्या आईला संधिवात आहे. सेडानमध्ये बसताना तिला अक्षरशः खाली पडल्यासारखं व्हायचं आणि उठताना दोन माणसं लागायची. एका ओळखीच्यांची मोठी एसयूव्ही आली तेव्हा सगळ्यांना वाटलं की प्रश्न सुटला. पण त्या गाडीत पाय ठेवायला तिला पायरी चढावी लागली आणि चढणं हेच तर दुखऱ्या गुडघ्याचं दुखणं. शेवटी तिला सोयीची ठरली ती मधल्या उंचीची गाडी. पाठ करून उभं राहायचं, सीटवर टेकायचं आणि दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटची कड उभ्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागाला लागली की बसणं सोपं जातं. ती गुडघ्याजवळ आली तर गाडी बुटकी, कंबरेजवळ गेली तर फार उंच. म्हणजे हे माप गाडीचं नाही, माणसाचं आहे. चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. त्यांना सीट खुर्चीच्याच पातळीवर लागते, म्हणून त्यांच्यातल्या अनेकांना मोठ्या एसयूव्हीपेक्षा साधी, कमी उंचीची गाडीच जमते. घरातलं जे माणूस गाडीत सर्वांत कष्टाने बसतं, त्याला बरोबर नेल्याशिवाय गाडी ठरवूच नये. त्याच्या वतीने दुसऱ्याने बसून बघणं पुरत नाही.

सेडानबद्दलची खरी तक्रार म्हणजे ती खाली घासते. ही तक्रार खोटी नाही. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी बसते, आणि लांब सेडानचं पोट नेमकं गतिरोधकाच्या माथ्यावर टेकतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं हे सोपं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेण्यात अर्थ नाही. सगळं घर बसवा आणि रोजच्या रस्त्यावरच्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी न्या.

मात्र खड्डा आणि गतिरोधक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्ड्यात टायरची भिंत कामाला येते. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा, इंचांत. २०५/६५ आर१५ अशा टायरची भिंत १३३ मिलिमीटर उंच असते आणि २३५/५० आर१९ ची ११७.५. म्हणजे पंधरा इंची रिमच्या साध्या सेडानला, एकोणीस इंची रिमच्या रुबाबदार एसयूव्हीपेक्षा जाड रबराची गादी मिळालेली असू शकते. खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगा येतो तो बहुतेक असल्याच पातळ भिंतीच्या टायरांना, आणि मोठा टायर महागही पडतो. एकच मॉडेल लहान रिमवरही मिळत असेल तर तेच घ्या, असं मी सांगते. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे की नुसती तात्पुरती, हेही बघायला सांगते.

आता वॅगनबद्दल. आपल्या तुलनेत तिचं नावही नव्हतं आणि मला त्याचं सर्वांत जास्त वाईट वाटलं. सेडानचं छत मागच्या टोकापर्यंत नेऊन काचेचा दरवाजा लावला की झाली स्टेशन वॅगन. चालवायला ती सेडानच. तशीच रस्ता धरून चालते, वळणावर तशीच बसलेली राहते, मागे बसणाऱ्यांना डोलवत नाही. पण मागची सीट दुमडली की कपाटाचे भाग, सायकल, शिडी, काय वाटेल ते आत जातं. सेडानच्या डिकीत जागा पुष्कळ असते, पण तोंड लहान, त्यामुळे उभी वस्तू आत जातच नाही. एसयूव्हीत तोंड मोठं, पण उंबरा उंच. जड पेटी साठ-पासष्ट सेंटिमीटरवर उचलणं वेगळं आणि ऐंशी सेंटिमीटरवर उचलणं वेगळं. ज्याची पाठ एकदा धरलेली आहे त्याला विचारा.

लिटरचा आकडाही फसवा असतो. एका रूढ पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. पण कुणी ते मागच्या झाकणापर्यंत रचतं, कुणी छतापर्यंत. एसयूव्हीची बरीचशी जागा अशी वरची असते. ती भरायची तर सामान सीटच्या पाठीच्या वर जातं आणि जोराचा ब्रेक लागला की ते पुढच्या माणसांच्या डोक्यावर येतं. मध्ये जाळी नसेल तर सीटच्या वर काहीही रचू नये. वॅगनमध्येही हाच नियम, फक्त तिची जागा आडवी असल्यामुळे तसं रचण्याची वेळ कमी येते. सेडानला ही भीती नाही, सामान बंद डिकीत असतं. त्यामुळे आवाजही कमी येतो.

मग वॅगन मागे का पडली? तिच्यात खोट होती म्हणून नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला. मोटारींना कडक निकष लागले आणि हलक्या मालवाहू गाड्यांना सैल. एसयूव्ही त्या दुसऱ्या वर्गात बसली, कुटुंबाची वॅगन पहिल्यात अडकली. कंपन्यांनी कुठे पैसा लावला असेल ते उघड आहे. १९८४ ची जीप चेरोकी वेगळ्या चासीऐवजी मोटारीसारख्या सलग बांध्यावर आली, १९९४ मध्ये टोयोटाची आरएव्ही४ थेट मोटारीच्याच सुट्या भागांवर उभी राहिली आणि एसयूव्ही चालवायला मोटारीइतकी सोपी झाली. त्याच १९९४ मध्ये व्होल्वोने ८५० ही वॅगन ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत सेडानांच्या बरोबरीने पळवली होती. वॅगन रस्त्यावर किती समर्थ असते, याचा याहून उघड दाखला मला सापडत नाही. ज्यांना थोडी उंची हवीच आहे त्यांच्यासाठी सुबारूने नव्वदच्या दशकाच्या मध्यात आउटबॅक आणली. वॅगनच, फक्त जमिनीपासून उचललेली. तो मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जिथे वॅगन मिळतच नाही, तिथे मोठ्या दरवाजाची हॅचबॅक तिचं बरंचसं काम करते.

इंधनाचं थोडक्यात सांगते. वारा कापायला लागणारं बळ गाडीच्या आकारावर आणि समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ठरतं. सेडानचा वायुरोधाचा गुणांक ०.२७ आणि क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरा, एसयूव्हीचा ०.३४ आणि २.७. गुणाकार करून पाहा, एसयूव्हीला त्याच वेगात दीडपट वारा अडवतो. वेग दुप्पट झाला की हे बळ चौपट होतं. गर्दीत थांबत-थांबत जाताना वाऱ्यापेक्षा वजन जास्त इंधन खातं, आणि तिथेही जड गाडी मागेच पडते. विजेवरच्या गाडीत हाच फरक इंधनाऐवजी पल्ल्यात दिसतो. ज्याला महामार्गावर रोज लांब जायचं आहे, त्याने ॲव्हरेजच्या जाहिरातीआधी हा गुणाकार करावा.

संपादक महोदय, माझी आपल्याकडे एक मागणी आहे. यापुढे आपल्या पानावर कोणत्याही गाडीची ओळख छापताना चौकटीत चार आकडे वाढवा. बॉनेटच्या पुढच्या कडेची जमिनीपासून उंची, डिकीच्या उंबऱ्याची उंची, रिकाम्या गाडीचं वजन, आणि पाऊण मीटर उंचीचा शंकू चालकाला बंपरपासून किती अंतरावर दिसू लागतो ते अंतर. पहिले दोन आणि चौथा आकडा मोजायला एक टेप आणि एक शंकू पुरतो, वजन कागदपत्रांत असतं. फक्त चौथं माप घेताना एकदा उंच आणि एकदा ठेंगण्या चालकाला बसवा आणि दोन्ही आकडे छापा. सीट वर-खाली केल्याने त्यात बराच फरक पडतो, आणि ठेंगण्या चालकाचा आकडा आजवर कुणी छापलेला मी तरी वाचलेला नाही.

आपली नियमित वाचक,
एक मोटार प्रशिक्षिका